दोनशेपैकी एक्याण्णव

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एकतीस वर्षं लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधत आले. हॉस्पिटलात तपासणीसाठी रक्त काढायचं, नळीत भरायचं, नळीवर चिठ्ठी लावायची, हे त्यांचं काम. तिथं त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. पोरं, आईबाप, डॉक्टरसुद्धा ‘सुईकाका’ म्हणतात. शेवटची अकरा वर्षं ते मुलांच्या खोलीत होते आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं त्याच खोलीत जावीत, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांनी दुसरं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही.

मी शेतातला माणूस. जनावराला हात लावायच्या आधी त्याला आपला वास घेऊ द्यावा लागतो, हे मला कुठल्या शाळेनं शिकवलेलं नाही. भावजींचं मुलांशी तसंच होतं. मूल रडत आत आलं की ते आपलं बुटकं स्टूल ओढून त्याच्यापेक्षा खाली बसायचे. तोंडाकडे बघायचे नाहीत, पायांच्या बोटांकडे बघायचे. “तोंडाला आईनं शिकवलेलं असतं,” ते मला म्हणाले होते, “बोटांना कुणी शिकवत नाही.” बोटं आत वळली असतील तर मनात एक, ताठ असतील तर दुसरं, एकमेकांवर चढली असतील तर तिसरं. पण तेवढ्यावर ते थांबायचे नाहीत. विचारायचे. “भीती वाटते का?” मुलानं नाही म्हणून मान हलवली की, “मग काय वाटतंय?” आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसायचे. ‘दुखणार नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. “दुखेल. तीन म्हणेपर्यंत. मोजायचं तू.”

एक मुलगी दोनवर येऊन थांबली. भावजीही थांबले. सुई हातात, मुलगी दोनवर, आणि बाहेर रांग खोळंबलेली. पाच मिनिटांनी ती म्हणाली, “अडीच.” भावजी म्हणाले, “बरं.” आणखी दोन मिनिटांनी तीन आला. त्या दिवशी त्या मुलीला एकदाच टोचावं लागलं, आणि जाताना तिनं भावजींना विचारलं, “तुमचं रक्त कोण काढतं?”

तर असा माणूस. आणि या माणसाबद्दल कागदानं लिहून दिलं की, याला माणसाच्या मनातलं कळत नाही.

सांगतो कसं. त्या वर्षी माझे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं धरले होते. आधी एक डोळा, मग महिन्याभरानं दुसरा, असं ऑपरेशन ठरलं, म्हणून मी तीन महिने ताईकडेच मुक्कामाला होतो. जे पाहिलं ते एका डोळ्यानं पाहिलं, बाकीचं भावजींच्या आणि ताईच्या तोंडून ऐकलं.

हॉस्पिटलात कर्मचाऱ्यांच्या वागण्याबद्दल तक्रारी वाढल्या होत्या. नर्स खेकसतात, चिठ्ठी देणारा वर बघत नाही, वगैरे. वरून विचारणा झाली, तुम्ही यावर काय केलं? काहीतरी केलेलं दाखवायला हवं. मग अधीक्षक बाईंनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, बाहेरून प्रशिक्षणाच्या एक बाई बोलावल्या. त्यांनी रुग्णांसमोर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्नावली दिली. चाळीस वाक्यं. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. वाक्य आपल्याला जितकं लागू पडतं, तितक्या आकड्याला गोल करायचा. सगळ्यांची बेरीज दोनशे. जितके गुण जास्त, तितकी माणसाला भावनांची समज जास्त. रुग्णांशी थेट संबंध येणाऱ्या जागा गुणांप्रमाणे वाटायच्या, असं ठरलं.

बाकीच्यांनी कागद तिथंच, चहा निवायच्या आत भरून दिला. भावजींनी तो घरी आणायची परवानगी मागितली. जेवण झाल्यावर टेबल पुसून घेतलं, चष्मा लावला आणि कपाटातून पत्र्याचा डबा काढला. त्या डब्यात एकोणीस वह्या होत्या. खिशात मावतील एवढ्या.

त्या वह्यांची गोष्ट अशी. नोकरीच्या चौथ्या वर्षी एक धिप्पाड गवंडी रक्त द्यायला आला. खुर्चीत बसला, हात पुढे केला, तोंडातून शब्द नाही. भावजींना वाटलं, खंबीर गडी. सुई लावली आणि गडी खुर्चीतून असा खाली आला की टेबलाच्या कडेवर त्याचा पुढचा दात तुटला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, “मला सुईची लई भीती. सांगायची लाज वाटली.” भावजींनी त्या दिवशी घरी येताना वही विकत घेतली. पहिल्या पानावर लिहिलं, ‘चुकलो’. तेव्हापासून समोरच्याला ओळखण्यात जेव्हा जेव्हा चूक झाली, ती त्यांनी त्याच दिवशी टिपून ठेवली. मी काही पानं वाचली आहेत. ‘मुलगी, सात वर्षं. भीती समजलो. लघवीला लागली होती.’ ‘म्हातारे गृहस्थ. रडतात असं समजलो. डोळ्यांत औषध घातलं होतं.’ ‘आई. रागावली आहे असं समजलो. दोन रात्री झोप नव्हती.’ ‘मुलगा, पाच. शांत समजलो. शांत नव्हता.’

आता हा माणूस चष्मा लावून पहिलं वाक्य वाचतो. ‘समोरच्याच्या चेहऱ्यावरून मला त्याच्या मनातलं कळतं.’ आणि गेल्या वर्षीची वही उघडून मोजायला बसतो.

ताई भांडी आवरत होती. “अहो, ती परीक्षा आहे की कबुलीजबाब?”

“थांब गं. नुसतं तोंड बघून अंदाज केला की मागच्या पानावर रेघ ओढतो. दहातल्या चार वेळा चुकलोय.”

“म्हणजे सहा वेळा बरोबर. लिहा चार.”

“तसं नाही. ज्या चुका मला कळल्या, त्या वहीत आल्या. ज्या कळल्याच नाहीत त्या कुठून येणार?” असं म्हणून त्यांनी दोनला गोल केला.

मी एका डोळ्यानं बघत होतो. मला हसू आलं, आणि हसताना पट्टीखाली डोळा दुखला.

“‘मी रागावर ताबा ठेवू शकतो,’” भावजींनी मोठ्यानं वाचलं. “काय गं, मी चिडतो का?”

“विचारता कशाला? मागच्या रविवारी नळ बसवताना त्या नळाच्या सात पिढ्या उद्धरल्यात.”

“बरोबर. दोन.”

“अहो, माणसांवर चिडता का असं विचारलंय त्यांनी. नळावर नाही.”

“त्यात तसं लिहिलेलं नाही.”

“‘कठीण प्रसंगी मी शांत राहतो,’” त्यांनी पुढचं वाचलं. “वरून शांत असतो. आतून नाही. याला काय लिहायचं?”

“पाच लिहा. वरचंच दिसतं लोकांना.”

“पण विचारलंय मला.”

दोन संध्याकाळी असं चाललं. चाळिसाव्या वाक्याला गोल करून त्यांनी कागदाची घडी केली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पेरणी नीट पार पडलेल्या माणसाचं समाधान होतं. ताई मला हळूच म्हणाली, “हात दाखवून अवलक्षण करतायत. बघ तू.”

झालं तसंच. एक्याण्णव.

त्यांच्याच खात्यात एक तरुण होता, त्याला सगळे फटाफट म्हणत. पट्टा फटाफट, सुई फटाफट, “चला, पुढचा!” तो पोरगा वाईट नव्हता. आईला रोज फोन करायचा, कुणाची रजा असली की त्याचं काम अंगावर घ्यायचा. त्याला एकशे अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले. तीन मिनिटांत कागद भरला होता. भावजींनी त्याला विचारलं, “खरं लिहिलंस ना रे?” तर तो डोळे मोठे करून म्हणाला, “म्हणजे काय काका! मला खरंच कळतं सगळ्यांच्या मनातलं.” आणि तो खोटं बोलत नव्हता. त्यानं कुणाला कधी विचारलंच नाही, तर त्याची चूक त्याला भेटणार कुठं? उथळ पाण्याला खळखळाट फार, असं आपण म्हणतो. पण त्या पाण्याला कुठं माहीत असतं की ते उथळ आहे.

मुलांची खोली फटाफटला मिळाली. भावजींना तळघरात पाठवलं, जिथं वरून आलेल्या नळ्या लावून ठेवायच्या, नोंदवायच्या आणि गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालायच्या. सोबत एक पत्र होतं. ‘आपल्याला विकासाची गरज आहे.’ सहा गुरुवार प्रशिक्षण, त्यानंतर पुन्हा तीच प्रश्नावली.

ते मोठ्या बाईंकडे गेले. बाई त्यांना बावीस वर्षं ओळखत होत्या. बाईंच्या मुलाला लहानपणी महिन्याला रक्त द्यावं लागायचं तपासायला, तेही भावजींनीच काढलेलं.

“सुईकाका, मला सांगायला हवं का? मला माहीत आहे तुम्ही कसे आहात.”

“मग?”

“मग मी वर काय दाखवू? माझ्या माहितीचा कागद नसतो. हा कागद आहे.”

“एक सकाळ कुणाला तरी माझ्या शेजारी उभं करा. बघू दे कसं काम करतो ते. मग ठरवा.”

“त्याला रकाना नाही, काका.” बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं इतकं खरं लिहायला?”

हे वाक्य भावजींनी घरी येऊन तीनदा सांगितलं. 

तळघराला खिडकी नव्हती. पांढऱ्या दिव्याखाली टेबल, टेबलावर लाकडी घोड्या, घोड्यांत रांगेनं नळ्या. लाल टोपणाच्या, जांभळ्या टोपणाच्या. मला वाटलं होतं की माणूस तिथं कंटाळेल. भावजी कंटाळले नाहीत, जळत राहिले. कारण त्यांना नळी वाचता यायची. मूल हात ओढत असताना, धरून, दाबून रक्त काढलं की रक्तातल्या पेशी फुटतात. यंत्रात फिरवल्यावर वरचं पाणी पिवळसर यायच्या ऐवजी गुलाबी येतं. अशी नळी फुकट. पुन्हा टोचावं लागतं. आधी मुलांच्या खोलीतून आठवड्याला अशी एखादी नळी यायची. आता रोज चार-पाच येऊ लागल्या. चिठ्ठीवर मुलाचं वय लिहिलेलं. तीन वर्षं. ‘पुन्हा.’ सहा वर्षं. ‘पुन्हा.’ तीच तीन वर्षं. ‘पुन्हा.’

“वर काय चाललंय ते मला खाली बसून दिसतं,” ते ताटावर बसून म्हणायचे. “आंधळ्यानं दळावं तसा नळ्या फिरवतोय मी, पण दिसतं.” आणि घास तसाच हातात राहायचा.

एकदा न राहवून ते वर गेले. फटाफटला बाजूला घेतलं. “अरे, पोरांना धरून ठेवू नको. विचार त्यांना. मोजू दे त्यांना.”

“काका, बाहेर चाळीस माणसं असतात.”

“माझ्या वेळीही चाळीसच होती.”

फटाफट हसला. चेष्टेनं नाही, समजुतीनं हसला, आणि ते जास्त लागलं. “काका, राग मानू नका. तुम्ही नळ्यांचं बघा ना. हे लोकांचं मन वगैरे... माझे एकशे अठ्ठ्याऐंशी आहेत.”

भावजी खाली आले. त्या दिवशीच्या सगळ्या नळ्या त्यांनी नीट लावल्या. घरी येऊन मात्र त्यांनी फाटकाची कडी इतक्या जोरानं लावली की ती वाकली, आणि ती मी दुसऱ्या दिवशी हातोडीनं सरळ केली.

गुरुवारी प्रशिक्षण असायचं. कमी गुण मिळालेले अकरा जण. भावजी, दोन जुन्या नर्स, एक रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, अशी सगळी मंडळी. भावजी म्हणाले, “खोलीत पाहिलं तर काय, ज्यांच्याकडे मी माझी आई पाठवली असती ती सगळी तिथं बसलेली.” प्रशिक्षणाच्या बाई पडद्यावर चित्रं दाखवायच्या, हसरा चेहरा, रडका चेहरा, रागीट चेहरा. ओळखा. भावजी दर वेळी विचारायचे, “याचे पाय दिसतील का?”

तिसऱ्या गुरुवारी वर्ग सुटल्यावर ते मागं थांबले. बाई कागद गोळा करत होत्या, कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले.

“तुम्ही माझ्यावर रागावलात,” भावजी म्हणाले. “मी मघाशी मधे मधे बोललो म्हणून.”

“नाही हो. बूट चावतोय. सकाळपासून.”

भावजींनी खिशातून वही काढली आणि लिहिलं. बाईंनी विचारलं, काय लिहिता? त्यांनी दाखवलं. ‘प्रशिक्षणाच्या बाई. राग समजलो. बूट होता.’ बाईंनी मागची पानं उलटली. मग खुर्चीत बसल्या, बूट काढून ठेवला आणि बराच वेळ वाचत राहिल्या.

“हे किती वर्षं करताय?”

“सत्तावीस.”

“आणि कळलं नाही की काय करता?”

“विचारतो.”

बाईंनी वही मिटली. “माझ्या चाळीस वाक्यांत ‘विचारतो’ हे वाक्य नाही,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “काका, खरं सांगते. हा कागद माणूस काय करू शकतो ते मोजत नाही. माणूस स्वतःबद्दल काय समजतो, तेवढंच मोजतो. कधीकधी दोन्ही जुळतं, कधी नाही. यावर कुणाच्या जागा ठरवू नका, असं मी अहवालाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय.”

“मग?”

“शेवटचं पान कोण वाचतं?”

“तुम्ही जाऊन सांगा की मोठ्या बाईंना.”

“सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पैसे कशाचे दिले तुम्हाला?” बाईंनी बूट पायाशी ओढला आणि तोंड वाकडं केलं. “तुम्हाला वर जायचंय ना?”

“हो.”

“पुढच्या वेळी कागद भरताना...” त्या तिथंच थांबल्या.

“पाच लिहू म्हणता?”

“मी असं म्हणू शकत नाही.”

“पण बोटं तर तेच म्हणतायत तुमची,” भावजी म्हणाले. बाई पहिल्यांदा हसल्या, आणि बूट घालून, बॅग उचलून निघून गेल्या.

मग पुढचे तीन आठवडे घरात तेच. ताई म्हणायची, “लिहा की पाच. कुणाचं काय जातंय?” मीही म्हणालो. खरं सांगतो, मीही म्हणालो. बैलाचे दात मोजून वय सांगणारा मी, बाजारात मालक जे वय सांगतो त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. पण भावजींना म्हणालो, मालक सांगतात तसं सांगून टाका. ते ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, “मी चुकत नाही असं लिहून द्यायचं. आणि ते कुठं? जिथं चुकलं की पोराला दुसऱ्यांदा टोचतात, तिथं.”

“पण तुम्ही खाली बसलात तर पोराला तिसऱ्यांदा टोचतायत,” ताई म्हणाली.

यावर ते ताट सारून उठले. मला ते सगळ्यात जास्त लागलं. एकतीस वर्षांच्या माणसाकडे उत्तर नसावं आणि कागदाकडे असावं.

सहाव्या गुरुवारच्या सकाळी एक नळी खाली आली. जांभळं टोपण, मुलगी, नऊ वर्षं. चिठ्ठीवर ‘पुन्हा’ लिहून, खोडून, पुन्हा ‘पुन्हा’ लिहिलेलं. भावजींनी ती नाव वाचून ओळखली. अडीचवाली. दुपारी प्रश्नावली समोर आली. त्यांनी वाचली नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत पाच, पाच, पाच असे गोल करत गेले. शेजारची नर्स सांगत होती की पेन कागदातून पलीकडे जाईल असं वाटत होतं. चार मिनिटं लागली. वह्या नाहीत, चष्माही नाही. घरी आले, हात धुतले, आणि अंधार पडायच्या आत झोपले.

दोनशेपैकी दोनशे. सगळ्या हॉस्पिटलात पहिले.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं, येत्या सोमवारपासून मुलांची खोली परत. ताईनं ते पत्र मोठ्यानं वाचलं. भावजी म्हणाले, “बरं.” वाटलं, संपलं. हत्ती गेला, शेपूटही गेलं. पण तसं नव्हतं.

त्या शुक्रवारी सभा होती. मी डोळा दाखवायला तिथंच आलो होतो, म्हणून सभागृहाच्या दाराशी उभा राहिलो. समोर पडदा. पडद्यावर दोन खांब रंगवलेले. एक बुटका, त्यावर ‘९१’. एक उंच, त्यावर ‘२००’. मोठ्या बाई सांगत होत्या की सहा गुरुवारांत एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यात केवढा बदल झाला. हे यश पाहून आता ही प्रश्नावली हॉस्पिटलातल्या प्रत्येकाला, सफाई, स्वयंपाकघर, पहारेकरी, सगळ्यांना लागू करायची, असं वरून ठरलं आहे. टाळ्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, “सुईकाका, दोन शब्द बोला. काय बदललं तुमच्यात?”

भावजी उठले. भाषण करायची सवय नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“बदललं काही नाही,” ते म्हणाले. “दोनशे कसे आले ते सांगतो. मी वाक्यं वाचलीच नाहीत. वरून खाली पाचाला गोल केला. पहिल्यांदा दोन दिवस बसून खरं लिहिलं होतं, तेव्हा एक्याण्णव आले. मला माणसाचं मन ओळखता येत नाही. दहातल्या चार वेळा चुकतो. म्हणून विचारतो. हे खांब खोटे आहेत. हे बघून कुणाला हा कागद लावू नका.”

सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता कळलं यांना. मग पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. मग दुसरं. मग सगळं सभागृह हसायला लागलं. फटाफट तर हसता हसता मांडीवर थाप मारत होता, “काका म्हणजे ना!” मोठ्या बाईंना माहीत होतं. मी त्यांचा चेहरा बघितला, त्यांना पुरतं माहीत होतं. तरी हसून म्हणाल्या, “बघा! विनोदबुद्धीसुद्धा आली. आणि नम्रता बघा किती!” पुन्हा टाळ्या. प्रशिक्षणाच्या बाई कडेच्या खुर्चीवर होत्या. त्या हसल्या नाहीत. मान खाली घालून जमिनीकडे बघत राहिल्या.

भावजी तसेच उभे होते. “मी थट्टा करत नाही,” ते म्हणाले, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग कुणी त्यांच्या हातात फुलं दिली. फुलं दिली की माणसाला बसावंच लागतं.

येताना वाटेत ते मला एवढंच म्हणाले, “खोटं लिहिलं ते खरं धरलं, खरं सांगितलं ते थट्टा धरली. आता मी बोलू कुठल्या तोंडानं?” मी मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी ओतणारा निदान घडा सुलटा करून बघतो. इथं तर घडाच पडद्यावर रंगवलेला.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेलो, माझ्या दुसऱ्या डोळ्याची शेवटची पट्टी काढायची होती. ती काढून घेतली आणि त्यांच्याकडे आलो. मुलांच्या खोलीबाहेर रांग होती. मला वाटलं, पोरांचीच. पण निम्मी रांग मोठ्या माणसांची. सफाईच्या दोन बाया, एक पहारेकरी, स्वयंपाकघरातली भांडी घासणारी बाई. सगळ्यांच्या हातात तीच प्रश्नावली. दोनशे गुण मिळवणाऱ्याकडूनच विचारून घ्यावं, असं हॉस्पिटलभर झालं होतं.

भावजींनी आत एका लहान मुलीला खुर्चीत बसवलं होतं, आपण स्टुलावर. तेवढ्यात भांडी घासणारी बाई दार ढकलून आत आली.

“काका, एवढा कागद सांगा ना कसा भरायचा. मला वाढपाचं काम मिळेल असं म्हणतात. रुग्णांशी बोलायला मिळतं. मला आवडतं हो बोलायला. भांड्यांशी किती बोलू?”

“नंतर ये. आता मूल आहे.”

“आजच द्यायचाय. खरं खरं लिहू का, तेवढंच सांगा.”

भावजींनी मुलीच्या हातावरचा पट्टा सैल केला. बाईकडे वळले. मी दारात होतो, मला त्यांचा चेहरा नीट दिसला, दोन्ही डोळ्यांनी. दमलेला चेहरा होता.

“ऐक,” ते म्हणाले. “खरं लिहिलं तेव्हा मला तळघरात पाठवलं. खोटं लिहिलं तेव्हा वर आणलं. आणि खरं सांगायला उभा राहिलो तर लोक हसले. यातलं काय करायचं ते मला विचारू नको. तूच ठरव.”

बाईनं जराही विचार केला नाही.

“मग त्यात ठरवायचं काय राहिलं, काका? पेन द्या.”

भावजींनी खिशातलं पेन काढून तिला दिलं. ती तिथंच भिंतीला कागद लावून, वाचल्याशिवाय, भराभर गोल करू लागली. ते मुलीकडे वळले आणि तिच्या पायांकडे बघत बसले. बराच वेळ त्यांनी तिला काहीच विचारलं नाही.